वांग्याच्या रोपाला टीबीचे औषध

ऑक्टोबर २०१९. परतीचा पाऊस नुकताच थांबला होता आणि ओपीडीत तापाच्या रुग्णांची रांग होती. दातिवऱ्याच्या एक मावशी दर महिन्याप्रमाणे रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला आल्या होत्या. तपासणी झाली, गोळ्या लिहून झाल्या, तरी त्या उठेनात. मग पिशवीतून ओल्या फडक्यात गुंडाळलेले वांग्याचे रोप काढून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवले.

"डॉक्टर, माणसांचं बघता, जरा ह्याचं पण बघा. परवा सकाळी टवटवीत होतं. दुपारी मान टाकली ती टाकलीच. वाफ्यातली निम्मी झाडं अशीच गेली."

"मावशी, मी झाडांचा डॉक्टर नाही हो."

"ते माहीत आहे. पण दुकानदारानं हे औषध दिलंय, ते तरी वाचून सांगा. इंग्रजीत लिहिलंय सगळं."

त्यांनी एक लहान पुडी पुढे केली. बारीक अक्षरे होती. चष्मा सावरून वाचले आणि क्षणभर थांबलो. स्ट्रेप्टोमायसिन सल्फेट नव्वद टक्के, टेट्रासायक्लिन हायड्रोक्लोराइड दहा टक्के.

यातले पहिले नाव माझ्या पिढीच्या कुठल्याही सरकारी डॉक्टरला झोपेतही ओळखू येईल. स्ट्रेप्टोमायसिन म्हणजे क्षयरोगावर गुण देणारे जगातले पहिले प्रतिजैविक. अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठात सेल्मन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत आल्बर्ट शाट्झ या विद्यार्थ्याने १९४३ मध्ये ते मातीतल्या एका जिवाणूपासून मिळवले. वॅक्समन यांना १९५२ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या क्षयरोग कार्यक्रमात, ज्यांनी उपचार अर्धवट सोडले किंवा ज्यांचा रोग उलटला, अशा रुग्णांना अनेक वर्षे 'कॅटेगरी टू' नावाचा कोर्स दिला जाई. त्यात दोन महिने, आठवड्यातून तीनदा, स्ट्रेप्टोमायसिनचे इंजेक्शन असे. एकूण २४ इंजेक्शने.

तारापूरच्या कारखान्यात काम करणारा एक तरुण मला अजून आठवतो. निम्मा कोर्स झाल्यावर तो म्हणाला, "सर, कानात सारखी शिट्टी वाजते आणि चालताना भिंत धरावी लागते." हा या औषधाचा ओळखीचा दुष्परिणाम. औषध थांबवावे लागले. शिट्टी कमी झाली, पण गेलेले ऐकू येणे पूर्ण परत आले नाही. म्हणून हे इंजेक्शन लिहिताना वय, वजन, मूत्रपिंड, कान असा सगळा विचार करून हात चालतो. आणि इथे तेच औषध एका चिठ्ठीशिवाय, वांग्याने मान टाकली म्हणून, पिशवीत आले होते.

मावशींना म्हटले, "पुडी अजून फोडू नका. रविवारी मी येतो दातिवऱ्याला."

ग्लासातली परीक्षा

जाण्यापूर्वी माझ्या एका शाळासोबत्याला फोन केला. तो कृषी पदवीधर. त्याने सगळे ऐकून विचारले, "पाने पिवळी पडून मग वाळली, की हिरवी असतानाच लोंबली?" मी म्हटले, हिरवीच होती. "मग एक काम कर. काचेचा ग्लास आणि स्वच्छ पाणी घे. बाकी तिथे सांगतो."

सफाळ्याला उतरून एसटीने दातिवऱ्याला पोहोचलो. वैतरणेच्या मुखाशी वसलेले हे गाव. एका बाजूला समुद्र, खाडीपलीकडे अर्नाळा, आणि घरांच्या मागे नारळाच्या सावलीत छोट्या छोट्या वाड्या. मावशींचा वाफा विहिरीच्या कडेला होता. पाटाचे पाणी वरच्या टोकाला शिरून खालच्या टोकाला जात होते, आणि मेलेली झाडेही त्याच क्रमाने, वरून खाली, ओळीने होती. डॉक्टरला ही ओळ ओळखीची वाटते. गावात कॉलरा असाच नळाच्या मागे मागे जातो.

फोनवरून मित्राने सांगितले तसे केले. नुकतेच कोमेजलेले एक झाड उपटून त्याच्या बुंध्याचा वीतभर तुकडा धारदार सुरीने कापला. ग्लासातल्या पाण्यात तो टांगला, कापलेले तोंड जेमतेम बुडेल असा. ग्लास हलवायचा नाही. दोन-तीन मिनिटांत कापलेल्या तोंडातून धुरासारखा, दुधाळ, बारीक धागा खाली उतरू लागला. मग दुसरा. मावशी, त्यांचा मुलगा आणि मी, तिघेही गुडघ्यावर बसून बघत होतो.

"हे काय, चीक?" मुलाने विचारले.

तो चीक नव्हता, ते जिवाणू होते. त्या एका धाग्यात कोट्यवधी. त्यांचे नाव राल्स्टोनिया सोलानासिअरम. अमेरिकी शास्त्रज्ञ एर्विन स्मिथ यांनी १८९६ मध्ये त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन केले. वांगे, टोमॅटो, मिरची, बटाटा ही त्याची आवडती कुळे, पण दोनशेहून अधिक जातींच्या वनस्पतींना तो लागतो. शेतकरी या रोगाला 'मर' म्हणतात. उष्ण हवा, दमट माती आणि भरपूर पाऊस त्याला मानवतो, म्हणजे आपली किनारपट्टी त्याला माहेरासारखी.

तो झाडाला मारतो कसा, हे हृदयविकार पाहणाऱ्या डॉक्टरला लगेच समजते. मुळाला कुदळीची जखम होते किंवा सूत्रकृमी भोक पाडतात. तिथून हा आत शिरतो आणि मुळांतून पानांपर्यंत पाणी नेणाऱ्या नळ्यांत मुक्काम करतो. तिथे वाढताना तो स्वतःभोवती चिकट साखरेचा बुळबुळीत पदार्थ सोडतो. नळी तुंबते. जमिनीत पाणी असते, मुळे पाण्यातच असतात, पण पानापर्यंत थेंब पोहोचत नाही. म्हणून पान पिवळे पडायलाही वेळ न मिळता हिरवेच लोंबते. पहिल्या दिवशी रात्री थोडे सावरते, दुसऱ्या दिवशी पुन्हा लोंबते, मग संपते. रक्तवाहिनीत गुठळी अडकून हातपाय निकामी व्हावा, तसेच हे.

बुरशीमुळेही मर होते. पण त्यात बहुधा खालची पाने आधी पिवळी पडतात, झाड सावकाश जाते आणि ग्लासात दूध उतरत नाही. हा फरक पाण्याच्या एका ग्लासाने कळतो.

मग पुडीचे काय? एकदा झाड कोमेजले की पानांवर फवारलेले किंवा मुळाशी ओतलेले प्रतिजैविक तुंबलेल्या नळीत बसलेल्या जिवाणूपर्यंत पुरेसे पोहोचत नाही. शिवाय तो मातीत वर्षानुवर्षे राहतो. आजचे झाड वाचले तरी उद्याच्या झाडासाठी तो तिथेच असतो. म्हणजे जिवाणू खरा, औषध जिवाणूचेच, तरीही औषध चुकीचे. साध्या सर्दीवर प्रतिजैविक मागणाऱ्या रुग्णाला आम्ही नाही म्हणतो, कारण सर्दी विषाणूची असते. इथली चूक थोडी वेगळी, पण खर्च तसाच वाया जाणारा.

पानावर काय दिसते?

त्या दिवसापासून मला या विषयाचा नादच लागला. झाडांना जिवाणूंमुळे रोग होतात, हे मान्य व्हायलाही वेळ लागला होता. रॉबर्ट कॉख यांनी १८७६ मध्ये अँथ्रॅक्स आणि १८८२ मध्ये क्षयरोग जिवाणूमुळे होतो हे दाखवले. त्याच सुमारास अमेरिकेत थॉमस बरिल यांनी नासपतीच्या झाडांचा 'फायर ब्लाइट' हा रोग जिवाणूंमुळे होतो असे मांडले. तरी जर्मनीचे वनस्पतिशास्त्रज्ञ आल्फ्रेड फिशर विसाव्या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत सांगत होते की निरोगी झाडाच्या पेशीत जिवाणू शिरूच शकत नाहीत. वर उल्लेख केलेल्या स्मिथ यांनी पुराव्यांनिशी त्यांना उत्तर दिले.

फिशर यांच्या म्हणण्यात थोडे तथ्य होते. बुरशी पानाची साल भेदून आत घुसू शकते. जिवाणूला ते जमत नाही. त्याला दार उघडे लागते. पानांवरची श्वासाची रंध्रे, पानांच्या कडेला असलेली पाणी बाहेर टाकणारी छिद्रे, वाऱ्याने पाने एकमेकांवर घासून झालेले ओरखडे, छाटणीची कात्री, किड्याचा दंश. म्हणून पावसाळी वारा हा या रोगांचा मोठा वाहक. शिडकाव्याबरोबर जिवाणू उडतो आणि ओल्या पानावर पोहत रंध्रापर्यंत जातो.

आत शिरल्यावर झॅन्थोमोनास, स्यूडोमोनास यांसारख्या अनेक जिवाणूंचे हत्यार आम्हा डॉक्टरांच्या ओळखीचे निघते. इंजेक्शनच्या सुईसारखी एक सूक्ष्म नळी ते पेशीत खुपसतात आणि तिच्यातून पेशीची संरक्षण यंत्रणा गोंधळवणारी प्रथिने आत सोडतात. टायफॉइडच्या आणि रक्ती जुलाबाच्या जिवाणूंकडेही अशीच सुई असते. झाडाकडे रक्त नाही, प्रतिपिंडे नाहीत, ताप नाही. पण त्याची स्वतःची युक्ती आहे. घुसखोर ओळखला की आसपासच्या पेशी स्वतःहून मरतात, आणि त्या मेलेल्या पट्ट्यात जिवाणू अडकून पडतो.

रोग ओळखायच्या खुणा थोडक्यात अशा आहेत. पहिली खूण तेलकट, पाणी भरल्यासारखा डाग. पान उजेडासमोर धरले की तो पारदर्शक दिसतो. जिवाणू पेशींच्या मधल्या जागेत वाढतात, तिथली हवा जाऊन पाणी भरते, म्हणून असे दिसते. दुसरी, डागाचा आकार. पानांच्या शिरा भिंतीसारख्या आड येतात, त्यामुळे काही पिकांत डाग गोल न राहता कोनाकोनाचा होतो. तिसरी, डागाभोवती पिवळे वलय. चौथी, सकाळच्या दमट हवेत डागातून पाझरणारा चिकट थेंब, जो उन्हात वाळून पिवळसर मण्यासारखा दिसतो. बुरशी असेल तर भिंगाखाली बहुधा लव किंवा भुकटी दिसते. जिवाणूत ती दिसत नाही.

सगळे जिवाणू डाग पाडत नाहीत. बटाट्याच्या टोपलीतला एक बटाटा आतून लापशी होतो आणि घरभर घाण वास येतो. हे काम पेक्टोबॅक्टेरियमचे. पेशींना एकमेकांशी चिकटवून ठेवणारे पेक्टिन तो विरघळवतो. असा बटाटा काढून टाकला नाही तर शेजारचेही जातात. ॲग्रोबॅक्टेरियम झाडाच्या बुंध्यावर गाठ आणतो. तो स्वतःच्या जनुकांचा एक तुकडाच झाडाच्या पेशीत घालतो आणि पेशी बेलगाम वाढू लागतात. त्याच्या याच कसबाचा उपयोग करून शास्त्रज्ञांनी बीटी कापसासारखी वाणे तयार केली. वांग्याच्या झाडाला इवलीइवली पाने येऊन त्याचे झुडूप होते, फळ मात्र धरत नाही, त्या 'पर्णगुच्छ' रोगामागे फायटोप्लाझ्मा नावाचा, पेशीभिंत नसलेला जिवाणू असतो. तुडतुडे तो पसरवतात. १९६७ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी असे जिवाणू दाखवून देईपर्यंत या प्रकारच्या रोगांचे खापर विषाणूंवर फोडले जात होते.

आणि काही वेळा जिवाणूच नसतो. दातिवऱ्यासारख्या गावात उन्हाळ्याकडे विहिरीचे पाणी खारे होऊ लागते. मग पानांची टोके आणि कडा जळतात, आणि लांबून पाहणाऱ्याला तो करपाच वाटतो. त्यावर कुठलीही पुडी चालणार नाही.

पुण्याची प्रयोगशाळा, कोकणचे भात

वनस्पतींच्या जिवाणूंचा भारतातला अभ्यास मोठ्या प्रमाणात आपल्या महाराष्ट्रात उभा राहिला, हे मला या निमित्ताने कळले. तेव्हाच्या मुंबई सरकारचे वनस्पतिरोगतज्ज्ञ एम. के. पटेल पुण्यात काम करत. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकामागून एक जिवाणूंची वर्णने प्रसिद्ध केली. आंब्याच्या पानाफळांवर काळे, उंचवट्याचे ठिपके पाडणारा झॅन्थोमोनास १९४८ मध्ये पटेल, मोनिझ आणि कुलकर्णी यांनी नोंदवला. विड्याच्या पानांवर डाग पाडणारा १९५१ मध्ये पटेल, कुलकर्णी आणि धांडे यांनी. केळवे-माहीमच्या पानवेलींचे नाव ज्यांनी ऐकले आहे, त्यांना या दुसऱ्या नोंदीचे महत्त्व वेगळे सांगायला नको. पानावर डाग पडला की त्या पानाला बाजारात किंमत नाही.

भातावरचा 'कडा करपा' हा जिवाणूजन्य रोग जपानमध्ये एकोणिसाव्या शतकापासून माहीत होता. भारतातली त्याची पहिली नोंद १९५९ मध्ये महाराष्ट्रातूनच प्रसिद्ध झाली. ती करणारे तिघे म्हणजे श्रीनिवासन, तिरुमलाचार आणि पटेल. पानाच्या टोकाकडून कडेने पिवळी, नागमोडी पट्टी खाली उतरत येते, नंतर ती पांढरट वाळते, आणि भोंग्याने शेतभर शिडकावा केल्यासारखा रोग वाऱ्यापावसाबरोबर पसरतो. युरियाचा मारा जास्त झाला की तो अधिक फोफावतो.

यातले तिरुमलाचार पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये संशोधन करत. हा सरकारी कारखाना १९५४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने स्थापन झाला आणि आधी पेनिसिलिन, पुढे स्ट्रेप्टोमायसिन बनवू लागला. देशात क्षयाचे रुग्ण लाखांनी होते आणि औषध आयात करावे लागे, अशा काळात या कारखान्याने किती जीव वाचवले याची मोजदाद नाही. त्याच कारखान्यातून पिकांसाठी स्ट्रेप्टोसायक्लिन आले. मावशींच्या पुडीतल्या मिश्रणाचे हेच नाव. भातावर करपा, लिंबावर खैऱ्या अशा रोगांसाठी तेव्हा हाताशी फारसे काही नव्हते. त्या काळच्या संशोधकांना दोष देण्यात अर्थ नाही. माणसांच्या जिवाणूंवर प्रतिजैविके कायम चालतील, असे तेव्हा आम्ही डॉक्टरही समजत होतो.

डाळिंबाचा तेल्या

या औषधाची सवय किती खोल जाऊ शकते, हे सोलापूर, सांगोला, नाशिकच्या डाळिंब बागायतदारांना विचारावे. डाळिंबावरचा जिवाणूजन्य करपा देशात प्रथम १९५२ मध्ये दिल्लीहून नोंदला गेला. या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत त्याने महाराष्ट्रात उच्छाद मांडला. फळावर तेलाचा थेंब पडल्यासारखा डाग, म्हणून शेतकऱ्यांनीच नाव दिले, 'तेल्या'. डाग काळा पडतो, मग फळ इंग्रजी 'एल' किंवा 'वाय'च्या आकारात तडकते. फांदीवर झाला तर पेरापाशी फांदी मोडते. निर्यातीच्या आशेने लावलेल्या बागा लोकांनी मुळासकट उपटल्या. आतबट्ट्यात आलेला माणूस मिळेल ती पुडी फवारतो. त्याला मी नावे ठेवणार नाही. आयसीयूच्या दाराशी उभा असलेला नातेवाईकही असाच काहीही करायला तयार असतो.

सोलापूरच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रासह तज्ज्ञांनी ज्या उपायांवर भर दिला, ते मला आमच्या वॉर्डातल्या नियमांसारखे वाटले. रोगमुक्त बागेतूनच रोपे आणा. रोगट फळे, पाने, फांद्या गोळा करून बागेबाहेर नष्ट करा. एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जाताना कात्री निर्जंतुक करा. पावसाळ्यात फळ येणारा मृग बहार टाळून हस्त बहार धरा. झाडाला विश्रांती द्या. प्रसूतीगृहात हात धुण्याने जे साधले, तेच इथे कात्री धुण्याने साधते. औषधाची जागा या सगळ्यानंतर येते.

एक औषध, दोन गिऱ्हाइके

आता मुख्य काळजीकडे येतो. आपल्याकडे स्ट्रेप्टोसायक्लिनची नोंदणी भात, टोमॅटो, बटाटा, लिंबूवर्गीय फळे, सफरचंद, घेवडावर्ग, चहा आणि तंबाखू अशा आठ पिकांसाठी होती. वांगे, डाळिंब त्यात नव्हते. वापर मात्र यादी पाहून होत नव्हता.

प्रतिजैविक फवारले की सगळे जिवाणू मरत नाहीत. जे तगतात त्यांचीच पुढे पैदास होते. अमेरिकेत कॅलिफोर्नियात नासपतीच्या बागांत १९७१ मध्येच स्ट्रेप्टोमायसिनला दाद न देणारा फायर ब्लाइट सापडला. १९९३ मध्ये त्या जिवाणूत दोन जनुके सापडली, जी औषधाला निकामी करतात आणि एका जिवाणूतून दुसऱ्यात उडी मारू शकणाऱ्या तुकड्यावर बसलेली असतात. हीच दोन जनुके माणसांच्या आतड्यातल्या जिवाणूंमध्येही आढळतात. म्हणजे शेत, गोठा, नाला आणि वॉर्ड यांच्यात जनुकांच्या वाटा आहेत.

इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी, नाहीतर भीती पसरेल. क्षयाचा जंतू अशी उसनी जनुके घेत नाही. तो औषधाला निर्ढावतो तो रुग्णाच्या शरीरात, स्वतःच्या जनुकांतल्या बदलांमुळे, आणि त्याचे मुख्य कारण अर्धवट सोडलेले उपचार हेच आहे. वांग्यावरच्या फवाऱ्याने थेट टीबी बळावतो असे मी म्हणत नाही. काळजी आहे ती मूत्रमार्गाच्या, जखमांच्या, आतड्यांच्या इतर जिवाणूंची. टेट्रासायक्लिनच्या गटातली औषधे आम्हाला स्क्रब टायफस, लेप्टोस्पायरोसिससारख्या पावसाळी तापांत लागतात. ती आमच्या हातून जाऊ नयेत.

लोक विचारतात, झाडाचा जंतू माणसाला होतो का? बहुतेक वेळा नाही. डाग पडलेले वांगे खाऊन कुणाला मर रोग होत नाही. काही अपवाद मात्र आहेत. कांदा आंबवणारा एक जिवाणू अमेरिकेत वॉल्टर बर्कहोल्डर यांनी १९५० मध्ये वर्णिला. आज बर्कहोल्डेरिया सेपॅशिया या नावाने तो फुफ्फुसाच्या दुर्धर रुग्णांत आणि रुग्णालयांतल्या दूषित द्रावणांत सापडतो आणि बऱ्याच प्रतिजैविकांना जुमानत नाही.

दुसरी काळजी फवारणाऱ्या हाताची. स्ट्रेप्टोमायसिन सतत हाताळणाऱ्या परिचारिकांच्या हातांना पूर्वी इसब होत असे, हे आमच्या जुन्या पुस्तकांत आहे. वाडीत ही पूड उघड्या हाताने बादलीत कालवली जाते. आणि पानवेलीसारख्या पिकावर फवारली तर ते पान आपण शिजवत नाही, कच्चेच चघळतो.

सरकारच्या पातळीवर हालचाल झाली. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्रीय कृषी मंत्रालयाने स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिनच्या शेतीवापरावर बंदीचा मसुदा काढला. १ फेब्रुवारी २०२२ पासून शेतीसाठी उत्पादन आणि आयात थांबवावी आणि १ जानेवारी २०२४ पासून वापर पूर्ण बंद करावा, असा तो प्रस्ताव होता. पण कागदाने सवय जात नाही. रुग्णालयात चिठ्ठीशिवाय प्रतिजैविक देऊ नये हा नियमही जुना आहे, आणि तो कसा पाळला जातो हे मी रोज पाहतो.

मग करायचे काय?

आधी निदान. मर असेल तर ग्लासाची परीक्षा करा. पानांवर डाग असेल तर ते पान दुपारच्या आत, कागदात गुंडाळून, जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात न्या. आपल्या जिल्ह्यात ते डहाणू तालुक्यात कोसबाडला आहे. नुसता मोबाइलवरचा धूसर फोटो दुकानदाराला दाखवून औषध घेणे म्हणजे फोनवर खोकून दाखवून टीबीचे निदान मागण्यासारखे आहे.

राल्स्टोनियाची मर निघाली तर मेलेली झाडे मुळासकट काढून वाडीबाहेर जाळावीत. त्या वाफ्यातले पाणी दुसऱ्या वाफ्यात जाऊ देऊ नये. कुदळ, खुरपे धुऊन वाळवावे. तिथे दोन-तीन हंगाम वांगे, टोमॅटो, मिरची, बटाटा नको. मका किंवा कोबीसारखे पीक घ्यावे. पुन्हा वांगे लावायचेच तर रानवांग्याच्या खुंटावर कलम केलेली रोपे किंवा बंगळूरच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेने काढलेली 'अर्का निधी', 'अर्का केशव' यांसारखी मर सहन करणारी वाणे विचारावीत.

खरी लस असते ती वाणातच. हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी रानटी भातातल्या एका जनुकासह तीन प्रतिकारक जनुके सांबा महसुरी या लोकप्रिय भातात आणली. २००८ मध्ये आलेले ते सुधारित वाण कडा करप्याला औषधाशिवाय तोंड देते. क्षयावर जेवढे श्रम औषधांवर झाले, तेवढेच चांगले अन्न आणि मोकळ्या हवेच्या घरांवर व्हायला हवे होते, असे मला नेहमी वाटते. झाडांच्या बाबतीत निदान ती चूक आपण टाळू शकतो.

मावशींनी त्या रविवारी झाडे काढली. वाफा रिकामा करताना त्यांच्या तोंडावरचे दुःख मी पाहिले. महिन्याभराच्या भाजीचे पैसे गेले होते. पुडी त्यांनी माझ्याकडे दिली. ती मी फोडलेली नाही. नवीन इंटर्न आले की त्यांना दाखवतो आणि विचारतो, हे औषध कुणाचे?

पुढल्या वर्षी उन्हाळ्यात त्या गोळ्यांसाठी आल्या तेव्हा मी विचारले, "वाडी कशी आहे?"

"मका बरा झाला. शेजारच्या वहिनींची मिरची करपली, त्या निघाल्या होत्या पुडी आणायला. मी म्हटलं थांबा. देठ कापून ग्लासात टांगला. अर्धा तास बसलो, दूध काही निघालं नाही. मग विहिरीचं पाणी जिभेला लावून बघितलं, डॉक्टर. मिठाचंच होतं."